कच्ची फाईल

दुपारचे दोन वाजले होते आणि मी सकाळपासून एका लाल ठिपक्याशी भांडत होते. पाण्याची टाकी भरली तरी पंप थांबत नव्हता. पंपाचा प्रोग्राम बाबांचा. ते निवृत्त झाले, त्यांच्या खुर्चीत आता मी बसते. चारपर्यंत चूक सापडली नाही तर "म्हाताऱ्याचा प्रोग्राम मोडीत काढा," असं साहेबांनी सांगितलं होतं. बाबांची वीस वर्षं मोडीत! मला ते होऊ द्यायचं नव्हतं.

ओळीपुढे लाल ठिपका द्यायचा, की डीबगर हा चुका शोधायचा प्रोग्राम चालता प्रोग्राम तिथे थांबवून आतलं दाखवतो. पण बाबांची रीत जगावेगळी. स्वतः तपासलेल्या फाईलच्या नावाला टिंबापुढचं नेहमीचं शेपूट, न तपासलेल्या फाईलला 'कच्चा'. ज्यात प्रोग्राम लिहितो त्या एडिटरला हे 'कच्चा' शेपूट कुठून ठाऊक असणार? आतली भाषा नेहमीचीच आहे, असं मी सेटिंगमध्ये त्याला बजावलं. भाषा ओळखून त्याने अक्षरं रंगवली, ठिपका काही बसेना. शेवटी तळाशी एक चौकोन सापडला: कुठल्याही फाईलमध्ये ठिपका देऊ द्यावा. टिचकी मारली. बसला मुकाट्याने.

चाचणी लावली. प्रोग्राम कच्च्या फाईलमध्ये थांबला. टाकी भरल्याची अट चक्क उलटी लिहिलेली. गेल्या आठवड्यात नवा सेन्सर बसवल्यावर हा भाग पहिल्यांदाच चालला होता. वर लिहिणाऱ्याचं नाव होतं. माझं. बाबांच्या हाताखालच्या पहिल्या वर्षातलं.

मी बाबांना फोन लावला. "सगळ्यांच्या फायली तपासल्यात. माझीच का राहिली?"

"उघडायचो आणि बंद करायचो," ते म्हणाले. "चूक निघाली असती तर तुला सांगावी लागली असती."

मला रागही आला आणि रडूही.

"साहेबांना माझं नाव सांग," ते म्हणाले. "माझं आता काय जातंय?"

"काही नको."

अट सुलटी केली. टेबलावरचा चाचणीचा पंप थांबला, प्रोग्राम मोडीतून वाचला. अहवालात माझं नाव लिहिलं. मग फाईलचं शेपूट बदलायला गेले आणि थांबले; बाबांनी ती अजून तपासली नव्हती. पुन्हा फोन लावला.

"संध्याकाळी फाईल घेऊन येते. चष्मा हाताशी ठेवा. आणि बाबा, या वेळी माझी चूक सोडू नका."

पलीकडे चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "ये."