वर मोठी, खाली बारीक

मित्रांनो, मी संत्र्याचा एक जुना कॅरेट आहे. निळा, प्लास्टिकचा, एका बाजूची कड तुटलेला. तुटलेल्या जागी तार बांधली आहे, ती उचलणाऱ्याला टोचते, त्याला माझा इलाज नाही.

साच्यातून निघालो आणि थेट रामाकोन्याला भिवाजींच्या बागेत आलो. दहा बहार वाहिले. भिवाजी कौतुकानं म्हणायचे, "हा कॅरेट लकी हाय. याच्यातला माल कधी वापस नाही आला." कसा येईल? ते तळाशी बारीक फळं भरायचे आणि वर मोठी, लालसर. घेणारा वरची दोन हातात घ्यायचा अन् मान डोलवायचा. सगळेच असं भरत. खोटं कशाला बोलू, मला तर माझ्या पोटातल्या गुपिताचा अभिमानच होता.

यंदा भिवाजींच्या सुनेनं, अमितानं, नागपूरच्या पूनमताईंना गाठलं. त्या सिंगापूरला फळं पाठवतात. नमुना पसंत पडला तर सगळ्या बागेचा माल जाणार होता. अमिता वर्षभर यासाठी धडपडली होती. नमुन्यासाठी मलाच निवडून तिनं माझ्यावर स्वतःच्या नावाची चिठ्ठी चिकटवली आणि चहा ठेवायला आत गेली. तेवढ्यात भिवाजींनी मला प्रेमानं भरलं. नेहमीसारखंच!

पूनमताई आल्या. त्यांनी वरच्या फळांकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ मला उचललं आणि ताडपत्रीवर पालथं केलं. बाप रे! दहा वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. लिंबाएवढी संत्री गडगडत भिवाजींच्या पायाशी गेली.

"मामाजी," अमिता माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "थ्या चिठ्ठीवर माझं नाव होतं."

भिवाजी गडबडले. "अवो, सारेच असं भरतेत! सिंगापूरवाले काय आसमानातून पडले?"

"भाऊ, थे सिंगापूर आपल्या पांढुर्णा जिल्ह्याहून लहान आहे," पूनमताई म्हणाल्या. "संत्र्याची बाग नाही. पाणीसुद्धा शेजारच्या देशातून विकत घेतेत."

"मंग एवढं श्रीमंत कसं? सोन्याची खाण हाय का?"

"खाण नाही. मोक्याच्या जागी बंदर आहे, लोक शिकलेले आहेत. अन् कागदावर लिहिलं थेच पेटीत निघावं लागते, नाही तर सरकार सोडत नाही. म्हणून साऱ्या जगाचा माल तिथून जाते."

"एवढंच?" भिवाजी वाकून पायाशी पडलेली बारीक संत्री गोळा करू लागले. मी पालथाच पडून होतो. ज्या गुपितावर मी मिरवत होतो, तेच आमचं दिवाळं काढत होतं म्हणायचं!

पूनमताईंचा मुक्काम जवळच सौंसरला होता. "सकाळी जाता जाता एक डाव अजून पाहीन," एवढं बोलून त्या गेल्या. अमिता रडली नाही, पण जेवलीही नाही.

दुपारभर भिवाजी एकेक फळ निवडत बसले. एका आकाराची सगळी नव्या कॅरेटमध्ये गेली. उरलेली बारीक माझ्यात आली. मग त्यांनी अमिताकडून मोठ्या अक्षरात चिठ्ठी लिहून घेतली, 'बारीक माल', आणि माझ्या तोंडावर लावली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी पूनमताई आल्या. त्यांनी हात लावायच्या आत भिवाजींनीच नवा कॅरेट पालथा केला. सगळी फळं सारखी! पूनमताई हसल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"अन् हा?"

"थो बारीक हाय बाई. तसं लिहूनच ठेवलं."

"मंग हाही द्या. रसवाल्याले बारीकच पाहिजेत. अमिता, बागेचा सारा माल पक्का."

भिवाजींनी माझ्यातलं एक बारीक फळ उचलून पाहिलं. "म्हणजे... दहा साल मी उगाच लपवून राहिलो होतो?" अमिताला हसूही आलं आणि रडूही.

मित्रांनो, आता माझ्या तळाला चीर गेली आहे. फार दिवस टिकणार नाही. मला भरायचं तेवढं भरा, उन्हात ठेवा, तारेनं बांधा, मी कुरकुरणार नाही. फक्त पुन्हा माझ्या तळाशी काही लपवू नका. तिथली बारीक फळंसुद्धा गोडच होती हो.