गच्चीवरचा कॉक

आधी शॉवरची धार बारीक झाली. मग बेसिनखालचा पंप चालू-बंद, चालू-बंद करायला लागला. आणि त्या सकाळी सून अंगाला साबण लावून उभी, तर वरून नुसते थेंब. तिने आतूनच घर डोक्यावर घेतलं. बाहेर खुर्चीत बसलेला म्हातारा मात्र मनातून खूश झाला.

त्याची सगळी हयात कारखान्याच्या पंपघरात गेली होती. मधल्या आजारपणापासून डावा पाय जरा ओढायचा आणि अधूनमधून चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा, एवढंच. पण तेवढ्यावर मुलाने ठरवून टाकलं की बाबांचं डोकं गेलं, आता त्यांना वृद्धाश्रमात ठेवलेलंच बरं. खरं म्हणजे त्याला बाबांची बाल्कनीवाली खोली हवी होती. असं कोणी तोंडाने बोलत नाही. बोलतात ते, ‘बाबांची काळजी वाटते.’

आडवी येत होती ती त्याची परगावची बहीण. ती हटून बसली होती की बाबा ठणठणीत आहेत. आणि म्हाताऱ्याचंही ठरलेलं, लेक म्हणाली तरच घर सोडायचं.

“पंप मी बघतो,” म्हातारा म्हणाला. “माझ्या लेकीला फोनवर दाखवा. तिलाच ठरवू दे, डोकं आहे की गेलं.”

“चालेल की बाबा,” मुलगा म्हणाला. एरवी बापाने चहा मागितला तरी तो आधी कपाळाला आठ्या घालायचा.

सून फोन धरून उभी राहिली. मुलगा लोखंडी जिन्याने गच्चीवर टाकीच्या कॉकपाशी गेला, कारण तो जिना म्हाताऱ्याला चढवत नव्हता. म्हातारा बेसिनखाली मांडी घालून बसला आणि पंपघरातल्यासारखा खिडकीतून ओरडला, “बंद कर!”

“बंद!” वरून आवाज आला.

पंपघराचा एक नेम होता. एक माणूस पंपाशी, दुसरा कॉकपाशी. कॉकवाल्याने ओरडून जे सांगितलं ते खरं, त्याला पुन्हा विचारायचं नाही. विचारलं तर तो अपमान. अशा विचारण्यावरून तिथे माणसांची बोलचाल बंद झालेली म्हाताऱ्याने पाहिली होती, आणि स्वतः त्याने जन्मात कधी विचारलं नव्हतं.

बिघाड त्याला लगेच सापडला. पंपाच्या तोंडाची जाळी क्षाराने गच्च भरली होती. “बघ पोरी,” त्याने ती फोनसमोर धरली. “पाणी आत जाणार कुठून?” दात घासायचा जुना ब्रश घेऊन त्याने जाळी लख्ख केली, वॉशर पुसून बसवला, नट आवळले. हात जरासुद्धा थरथरला नाही. तिकडे लेक हसत होती.

“उघड!”

“उघडला!” मुलगा वरून म्हणाला. त्याने कॉकला बोटही लावलं नव्हतं. टाकीला टेकून तो समोरच्या घरांकडे बघत उभा होता.

म्हाताऱ्याने शॉवरची चावी फिरवली. काही नाही. पंप हूं की चूं करेना.

“हवा अडकली असेल,” तो म्हणाला. हवा काढायचा स्क्रू सैल केला. त्यातून हवाही आली नाही आणि पाणीही नाही. तो गोंधळला. खिडकीकडे बघत राहिला, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने नेम मोडला. “अरे, कॉक उघडलास ना?”

“बाबा!” मुलगा वरून गरजला. “जोडीदाराला परत विचारायचं नाही, असं कोण सांगायचं आम्हाला? विसरलात?”

म्हाताऱ्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. “चुकलो रे,” तो म्हणाला, आणि पुन्हा विचारलं नाही.

मग सगळंच बिनसत गेलं. कॉक उघडा आहे म्हणजे खोट पंपातच, असं धरून त्याने पुन्हा ‘बंद कर’ म्हणून ओरडून पंप पूर्ण खोलला. आतला पाणी ढकलणारा पंखा काढला, घातला, पुन्हा काढला. एक स्क्रू फरशीवरून घरंगळला, तो शोधता शोधता त्याने दुसरे सांडले. वॉशर हातात धरून तो वॉशरच शोधत राहिला. सून फोन अगदी जवळ नेत होती. नणंदेला सगळं नीट दिसावं, याची काळजी तिला होती.

“बाबा, राहू द्या,” फोनमधून रडका आवाज आला. “पुरे आता. दादाला बोलवा.”

मुलगा खाली आला. त्याने बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि बहिणीला म्हणाला, “मी काय सांगत होतो?” बहीण म्हणाली, “जागा तरी चांगली बघ.”

म्हाताऱ्याला खोलीत नेऊन निजवलं. मुलाने पंप बसवला, मग गच्चीवर जाऊन कॉक उघडला. बाथरूममध्ये पाणी असं कोसळलं की सून आनंदाने किंचाळली. तो आवाज ऐकून म्हातारा भिंत धरत बाहेर आला.

“काय झालं होतं रे?”

“तुम्ही पंखाच उलटा बसवला होता, बाबा.”

म्हाताऱ्याने क्षणभर आठवून पाहिलं. मग मान हलवली. ज्याने कॉकवाल्याचा शब्द कधी तपासला नाही, तो मुलाचा काय तपासणार? “उलटा,” तो म्हणाला. “पंखा उलटा बसवला मी.” आपल्या हातांकडे त्याला बघवेना, म्हणून त्याने ते पाठीमागे नेले. “मग आता उशीर नको करूस. आजच पोचव मला. उद्या गॅसबिस चालू राहिला माझ्या हातून, तर तुम्ही दोघं जिवाला मुकाल.”

संध्याकाळी रिक्षात बसल्यावर त्याने मुलाचा हात धरला. “एक ऐकशील? तिथे कोणाला सांगू नकोस मी पंपावर होतो ते. लोक भरवशाने काहीतरी दुरुस्तीला देतात रे.”

“नाही सांगत,” मुलगा म्हणाला. आणि हा शब्द मात्र त्याने पाळला.