गेटाजवळचा नळ

पाणी परिषदेला येताना प्रत्येक गावाने आपल्या विहिरीचं पाणी बाटलीतून आणावं, असा निरोप परिषद भरवणाऱ्या श्रीनाथ सरांनी कॉलेजातून धाडला, आणि येळ्ळूरच्या पुढच्या त्या लहानशा गावात कुजबुज सुरू झाली. पाणी कशाला पाहिजे यांना? मागे असेच कुणी साहेब मातीचे नमुने घेऊन गेले होते, चहासुद्धा पिऊन गेले, आणि वर्ष उलटायच्या आत शेतातून रस्त्याचे दगड रोवले गेले. पाणी चांगलं निघालं तर विहीरही जाईल, असं गावातल्या वयोवृद्ध रवळूआप्पांनी देवळात सांगून टाकलं.

जायचं होतं पंचायतीच्या मेंबर मंगलला. तिला तर तपासणी हवीच होती. वरच्या अंगाला कारखाना झाल्यापासून विहिरीच्या पाण्यावर तवंग यायचा, म्हशी तोंड लावत नव्हत्या, आणि तिच्या लेकीच्या, सौम्याच्या हातांवरचे फोड काही केल्या बरे होत नव्हते. कचेरीत तक्रार घेऊन गेलं की पुरावा आणा म्हणायचे. पण आप्पांचं बोलणं तिच्या डोक्यात घर करून बसलं. डेअरीवाला तिच्या दुधाचं फॅट मोजतानासुद्धा ती मशीनवरची नजर हलवत नसे. हे तर कॉलेजातले लोक, गोड बोलणारे.

बेळगावात हॉलपाशी रिक्षातून उतरेपर्यंत तिचा धीर सुटला. गेटाजवळ नळ होता. तिने वाटेत पिऊन रिकामी झालेली बाटली पिशवीतून काढून नळाला लावली आणि वर गावाच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. विहिरीचं पाणी मात्र ओतून टाकवेना. ती बाटली तिने पिशवीच्या तळाशी ढकलली. मागे निपाणीकडचे एक टोपीवाले गृहस्थ बाटली घेऊन उभे होते. तहान लागली असेल बिचाऱ्यांना, असं वाटून ती बाजूला झाली.

हॉलमध्ये पहिल्या रांगेत कुठल्याशा खात्याचे साहेब बसले होते आणि सरांच्या कानाला लागून काहीतरी बोलत होते. ते बघून आपण केलं ते बरंच केलं, असं मंगलला वाटलं.

मग सरांनी तपासणीचं मशीन लावलं; पाण्यात घाण जास्त तेवढा आकडा मोठा, असं त्यांनी सांगितलं. निपाणीकडची बाटली, आकडा आला. खानापूरकडची, तोच आकडा. मंगलची, तोच. सरांनी मशीन पुसलं, झटकलं, पुन्हा बुडवलं. गावं दहा, पाणी मात्र एकाच हंड्यातून ओतल्यासारखं. साहेब हसत उठले. सगळीकडे पाणी उत्तम आहे, मग तक्रार कशाची, तसा अहवालच देऊन टाकू, असं म्हणून ते निघालेसुद्धा.

 हा अहवाल गेला की सौम्याच्या हातांचं कोण ऐकणार? लाज गिळून मंगल उभी राहिली.

"सर, मशीनला दोष देऊ नका. माझ्या बाटलीत तुमच्या गेटाजवळच्या नळाचं पानी हाय."

 निपाणीकडच्या गृहस्थांनी टोपी काढून हातात घेतली. "माझ्याबी," ते म्हणाले. पाठोपाठ एकेकाची मान खाली गेली.

सरांचा चेहरा पडला. "आक्का, कुणाची भीती वाटली तुम्हाला?"

"तुमचीच," मंगल म्हणाली. मग तिने पिशवीच्या तळातून ती बाटली काढली. "ह्ये आमच्या हिरीचं. अर्धं तुमी तपासा, अर्धं माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी पेला पुढे केला. मागे हॉलभर पिशव्यांच्या चेनी उघडल्याचा आवाज झाला. साहेब दारातून परत येऊन खुर्चीत बसले.

मशीन पेल्यात बुडलं. आकडा नळाच्या आकड्यापाशी आला, पण थांबला नाही, वर चढतच राहिला. सरांवरचा संशय खोटा निघाला म्हणून मंगलला बरं वाटायला हवं होतं. पण विहिरीवरचाही खोटाच निघावा, अशी आस आपण धरून होतो, हे तिला आत्ता कळलं. सौम्या सकाळी त्याच पाण्याने आंघोळ करून शाळेला गेली होती.