डोळ्यातलं आतडं

दामाजीने जाळं विणायची सुई दातांतून काढली आणि उजव्या डोळ्यावरची पट्टी नीट केली.

"आता जे सांगतो ते कोनाला पटनार नाय," तो म्हणाला. "पन जन्मात पहिल्यांदा खरं बोलतोय. तेव्हा मधे बोलू नका."

जाळ्याची दुसरी टोकं काळुराम आणि गोमाजीच्या मांडीवर होती. दोघं गालात हसले. बाळकुमच्या खाडीत एका खेकड्याने दामाजीचा नांगर होडीसकट कोलशेतपर्यंत ओढत नेला होता, ही गोष्ट त्यांनी त्याच्याच तोंडून निदान चाळीस वेळा ऐकली होती. दर खेपेला खेकडा वाढायचा.

"यात खेकडा हाय का?" काळुरामने विचारलं.

"हाय. पन पोटातला."

उंबऱ्याशी त्याची बायको भागीरथी विळीवर निवट्या मासळी साफ करत बसली होती. तिने मान वर केली नाही.

मुंबईच्या इस्पितळातून दामाजीला आणून तीन आठवडे झाले होते. भेटायला येईल त्याला तो ही गोष्ट सांगत होता आणि सांगताना दर वेळी पाठ ताठ करून बसत होता. कारण तसंच होतं. पंच्याऐंशी साली धाकटा भाऊ दारूने गेला, तेव्हा दामाजीने गावदेवीपुढे नारळ ठेवून दारू सोडली होती. सहा महिने झाले नसतील, त्याचं तोंड लाल व्हायला लागलं. जेवता जेवता कानापर्यंत लाल, घामाघूम. मग चालीतही फरक पडला. गावाने काय ते ओळखलं. भागीरथीने त्याचं अंथरूण उचलून पडवीत टाकलं आणि ताट वाढून पुढे सरकवण्यापलीकडे त्याच्याशी संबंध ठेवला नाही. मी प्यालेलो नाही, असं तो सांगायचा. पण खेकडेवाल्यावर कोण विश्वास ठेवणार?

"एकाचे दोन दिसायला लागले," दामाजी सांगत होता. "खाडीत खुंट एक, मला दिसायचे दोन. एकदा जाळं बांधलं ते नेमकं दुसऱ्या खुंटाला. जो नव्हताच."

"मग जाळं गेलं वाहून?"

"जातंय कुठं! घट्ट बांधलेलं."

गोमाजी खो खो हसला. दामाजीने त्याला हसू दिलं.

"मग डोळा बाहेर यायला लागला, तवा पोरीने, शीलाने, ठाण्याच्या डाक्टरकडे नेलं. त्याने मुंबईला धाडलं. तिथं डोळ्यामागून तुकडा काढला. बारीकसा, जवळ्याएवढा. आठ दिवसांनी एक पोरगेला डाक्टर कागद घेऊन आला आनि मला विचारतो, मामा, पोट कसं हाय? म्हटलं, साहेब, डोळा वर असतो. तर म्हनतो, तुमच्या डोळ्यातली गाठ डोळ्याची नाय. ती आतड्यातली हाय."

"चल," काळुराम म्हणाला.

"गावदेवीची शपथ. आतड्यात चिंचोक्याएवढी गाठ. तिथं नुसती गप्प बसलेली. तिचं बी निघालं रगतातून. तिवराचं बी कसं, भरतीबरोबर जातं, चिखल मिळेल तिथं उभं ऱ्हातं. तसं. बहुतेकांच्या काळजात जातं, कलेजीत. माझ्या कलेजीतही हाय थोडं. पन डोळ्यात? मोठा डाक्टर बोल्ला, आम्ही पुस्तकात वाचलेलं, बघितलं आज. वीस पोरं गोळा करून माझा डोळा दाखवला."

"आनि तोंड लाल व्हायचं, ते?"

हाच प्रश्न दामाजीला हवा होता. त्याने सुई खाली ठेवली.

"त्या गाठीचं इख. ती रगतात काहीतरी सोडते, त्याने तोंड पेटतं, पोट वाहतं. ते तपासायला एक डबा दिला. चोवीस तासांचं मूत त्यात धरायचं. आनि केळं खायचं नाय. केळं खाल्लं तर मूत खोटं बोलतं."

"तुझ्याच घराण्यातलं ते," गोमाजी म्हणाला, आणि तिघंही हसले.

"हसा. पन डब्याने खरं सांगितलं. माझा नारळ खोटा पडला नव्हता. डाक्टरच्या सहीचा कागद हाय. आतडं कापलं, डोळ्याला मशीनचा शेक दिला. बाकीचं हळूहळू चालनारं हाय, बोल्ले. लई आळशी दुखनं."

काळुराम गंभीर झाला. जाळ्याची गाठ ओढत त्याने सहज विचारलं,

"म्हंजे अडीच वर्सं तुझं तोंड सांगत होतं. मग आधी का नाय गेलास रं? आधी गेला असतास तर डोळ्यापातुर, कलेजीपातुर गेलं असतं का ते?"

विळीवरचा आवाज थांबला.

इस्पितळात मोठ्या डॉक्टरांनीही हेच विचारलं होतं. तेव्हा भागीरथी खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तेव्हापासून तिने दामाजीचं अंथरूण पुन्हा आत घेतलं होतं, मऊ भात करून घालत होती, पण त्याच्या तोंडाकडे बघून एकदाही बोलली नव्हती.

दामाजीने उंबऱ्याकडे पाहिलं. तिची बोटं निवटीवर तशीच होती.

"आधी?" तो म्हणाला. त्याची ताठ पाठ सैल झाली. "आता तुम्हाला काय लपवायचं. आधी मी पीतच होतो रं."

"काय बोलतोस?"

"मग! खाडीपल्याड जुनं तिवर नाय का, पोकळ? त्यात बाटली ठेवलेली. ओहोटीला जायचं, दोन घोट मारायचे, वर लवंग चघळायची. ते तोंड दारूचंच होतं. गाठीचं नंतर सुरू झालं, आत्ता शिमग्याला. हिने वळखलेलं ते बरोबर वळखलेलं. कोनीही तेच केलं असतं."

"बघ!" गोमाजीने मांडीवर थाप मारली. "मी काळ्याला तवाच बोल्लेलो. नारळ ठेवून पितो म्हनून."

"पीत होतो," दामाजी हसून म्हणाला. कागद उशाखाली होता. तो आणायला तो उठला नाही.

भागीरथीने विळी आडवी केली. हात पदराला पुसले.

"खोटं," ती म्हणाली.

तिघांनी वळून पाहिलं. ती दामाजीच्या तोंडाकडे बघत होती.

"दुपारी झोपलास की मी पडवीत येऊन तुझं तोंड हुंगायची. अडीच वर्सं, रोज. दारूचा नाय, लवंगेचा नाय. एक दिवस वास नाय आला. तरी अंथरून आत नाय घेतलं."