जिन्याखालची फळी

मी एक फळी आहे. भिंतीवर डबे मांडतात ती नव्हे, दुकानाच्या दाराची. कल्याण स्टेशनाकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर मी उभी असते. माझं डोकं तिरकं कापलेलं आहे. येणारेजाणारे बघून हसतात. हसू देत. ते तसं का कापलं, हे सांगावं म्हणूनच आज बोलतेय.

शहापूरकडचा साग वखारीत चिरला, त्यातून आम्ही आठ बहिणी निघालो. दाराच्या खालीवर खाचा असत. त्यांत एकेक फळी सरकवली की दुकान बंद. मी आठवी, शेवटची. कडीकोयंडा माझ्याच अंगावर. सकाळी बाकीच्या सात जणी आत एकीवर एक रचल्या जात. कोयंड्यामुळे मी त्यांच्यात मावत नसे, म्हणून मला बाहेर भिंतीला टेकवून ठेवत. त्यामुळे दिवसभर रस्ता बघायचं माझ्या नशिबी आलं.

देश स्वतंत्र झाला त्या साली गोपीनाथ जीनगराने आम्हाला त्याच्या दुकानाला बसवलं. धाकू पाटलाची बैठी कौलारू चाळ, तिच्या कडेचा गाळा. गोपीनाथ टांग्याच्या घोड्यांचा साज शिवायचा. घोड्याच्या मानेवरून एकदा हात फिरवला की त्याला माप कळायचं. बायको शेवंती शेजारी बसून दोऱ्याला मेण लावायची. शेजारी कल्हईवाला, त्याच्या पलीकडे गूळ-तेलाचं दुकान, पुढे कोळशाची वखार. बाहेर टांगे उभे, घोडे शेपट्या हलवताहेत, रस्ता कसा ओळखीचा वाटायचा.

मग त्या रस्त्याला काय झालं कोण जाणे, त्याला स्वस्थ बसवेना. फाळणीनंतर कॅम्पात आलेल्या सिंधी लोकांपैकी एकाने समोर कापडाचं दुकान घातलं. काचेच्या कपाटात साड्या झळकू लागल्या. कल्हईवाला गेला, तिथे रेडिओ दुरुस्त करणारा आला. गूळ-तेलाच्या जागी उडप्याचं हॉटेल झालं. वखार पाडून तिथे सिमेंटची इमारत उभी राहिली, तिच्यात डॉक्टर, शिंपी, विम्याचं ऑफिस. कुठेही घण पडला की गोपीनाथ हातातलं काम टाकून दारात यायचा, मान लांब करून बघायचा आणि कुणी विचारलं नसताना म्हणायचा, "हे टिकायचं नाही."

टिकले नाहीत ते टांगे. मोटारी वाढल्या तशी आमच्यापुढची घोड्यांची रांग आखडत गेली. गोपीनाथ उगाच आत-बाहेर करायचा, चामडं टोचायची आरी घासायचा, पुन्हा घासायचा.

एके दिवशी मुंबईच्या गाडीतून उतरलेला एक कारकून धापा टाकत आला. त्याच्या वळकटीचा पट्टा तुटला होता.

"एवढा शिवून देता का हो?"

"आम्ही माणसांची कामं करत नाही," गोपीनाथ म्हणाला. "घोड्यांची करतो."

कारकून ओशाळून निघाला. गोपीनाथ चहाला गेला तशी शेवंतीने त्याला हाक मारून परत बोलावलं आणि पट्टा शिवून दिला. दुसऱ्या दिवशी तिने चामड्याच्या तुकड्यांतून वळकटीचे चार पट्टे बनवले, माझ्या अंगात खिळे ठोकले आणि त्यांवर ते टांगले. खिळे दुखले खरे, पण फार दिवसांनी लोक माझ्यापाशी थांबून बघू लागले.

गोपीनाथने ते पाहिलं आणि सगळे ओढून आत फेकले. "माझ्या बापाने संस्थानिकांच्या घोड्यांचे साज शिवले. मी हमालीचे पट्टे विकू?"

"मग काय विकता? रस्त्यावर घोडा दाखवा एक!" शेवंती म्हणाली.

तिने पट्टे पुन्हा टांगले. त्याने पुन्हा काढले. असं किती दिवस चाललं! शेवटी तो काढायचा थांबला, पण त्यानंतर माझ्याकडे बघेनासा झाला. कुलूप लावतानाही मान वळवून लावायचा.

अशात धाकू पाटील आला. पाटील मूळचा कोपर गावचा शेतकरी. खाडीकाठची जमीन विकावी लागली, त्या पैशांत त्याने ही चाळ घेतली होती. तो उंबऱ्यावर बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"गोपीनाथ, ही चाळ तोरायची हाय. तीन मजली बिल्डिंग बांधतंय. बाकीचे सगले उठतान. तूपन दुसरीकरं बघ."

पाटील गेल्यावर गोपीनाथने हत्यारं फडक्यात बांधायला घेतली. "मुरबाडला जाऊ. भावाकडे. हा रस्ता आपला राहिला नाही."

"मी येणार नाही," शेवंती म्हणाली.

तो चमकला. बायकोने असं कधी म्हटलं नव्हतं. ती जागची उठली नाही. "माहेर सोडलं तेव्हा कुणी विचारलं नाही. आता मी सांगते. इथे चार माणसं मला नावाने हाक मारतात. मी इथून हलणार नाही."

पाटील पुन्हा आला तेव्हा तीच पुढे झाली. "पाटील, तुमच्या नव्या बिल्डिंगीला जिना असेल ना?"

"हाय की."

"त्याच्या खालची जागा आम्हाला द्या. भाडं आत्ताचंच देऊ."

पाटील हसला. "अगो, तिथं कुत्राबी वाकून जाल."

"आम्ही बसूनच काम करतो," शेवंती म्हणाली.

पाटलाचं हसू विरलं. त्याने वर आमच्या कौलांकडे पाहिलं. "माझी जमीन गेली तवा मना असा बोलता आला नाय," तो म्हणाला आणि टोपी घालून उठला. "दिली जागा."

चाळ पडली. त्या दिवसांत दोघं समोरच्या कडेला ताडपत्रीखाली बसत. माझ्या बहिणींना गवंड्यांनी परांचीला नेलं, त्या पुन्हा दिसल्या नाहीत. मला गोपीनाथने स्वतःच्या खांद्यावरून रस्त्यापलीकडे आणलं आणि दोन दगडांवर बाकडं म्हणून ठेवलं. तो माझ्यावर बसायचा, पण ओळखीचं कुणी दिसलं की तोंड फिरवायचा.

तिथेच एक दिवस आमचं जुनं गिऱ्हाईक राघो टांगेवाला आला. हातात गाठोडं होतं.

"घोरा विकला रे, गोपीनाथ. गिरणीत वॉचमन लागलो. हा साज तू शिवलेला. दुसऱ्याला द्यायला हात होत नाय माझा. तूच ठेव."

गोपीनाथने साज माझ्यावर पसरला. घामाने काळं पडलेलं चामडं, पण एक टाका उसवलेला नव्हता. राघो पाठ फिरवून भराभर चालू लागला. दुपारभर गोपीनाथ त्यावरून हात फिरवत राहिला. शेवंतीने जेवायला हाक मारली नाही. ऊन कललं तेव्हा त्याने आरी उचलली आणि आपलाच एकेक टाका उसवला. संध्याकाळपर्यंत त्याने त्या चामड्याची एक पिशवी शिवली, रुंद पट्ट्याची, ऑफिसात न्यायची. ती शेवंतीपुढे धरून म्हणाला, "तुझ्या पट्ट्यांचे टाके फार लांब पडतात. हे बघ, असे घालायचे."

शेवंतीने पिशवी हातात घेतली आणि पदराने डोळे टिपले. मग म्हणाली, "पट्ट्याचं काज थोडं आणखी वर हवं होतं." गोपीनाथ कितीतरी दिवसांनी हसला.

इमारत झाली. जिन्याखाली दार तिरकं बसत होतं, म्हणून सुताराने माझं डोकं कापलं आणि मला बिजागऱ्यांवर चढवलं. आता मी एकटीच त्या दुकानाचं दार आहे. दिवसभर आमच्या डोक्यावरून माणसं चढतात-उतरतात. खाली गोपीनाथ आणि शेवंती पाठ वाकवून पिशव्या शिवतात, टाक्यांवरून भांडतात. डोंबिवली, ठाण्याहून लोक पिशव्या घ्यायला येतात.

गेल्या आठवड्यात नगरपालिकेची माणसं आली. रस्ता रुंद व्हायचा आहे म्हणे. एकाने भिंतीवर लाल रेघ ओढली, ती माझ्याही अंगावरून गेली.

"कधी पाडणार?" शेवंतीने विचारलं.

"ते साहेबांना ठाऊक."

माणसं गेली. शेवंती सुई हातात धरून तशीच बसली. गोपीनाथने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि समोरच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीकडे बघत म्हणाला, "अगं, त्यांच्या जिन्याखाली किती उंची असेल?"

आणि तो वाकून बाहेर पडला, मोजायला.

म्हणून सुतारदादा, पुन्हा करवत घेऊन याल तेव्हा माझं एवढं ऐका. या खेपेला लागेल तिथे कापा, आखूड करा, रंधा मारा. पण बाजूला टाकू नका. ही दोघं अजून दुकान लावताहेत, त्यांना दार लागेल.