तखतावरचा डबा

आमच्या उत्पलाला ऐकू येतं, हे मला त्या डब्याने पटवून दिलं होतं. तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

दीड वर्षाची झाली तरी पोरगी एक शब्द बोलत नव्हती. तिच्याएवढ्या शेजारच्या मुली "माय, पानी दे" म्हणून पदर ओढायच्या. आमची नुसतं बोट दाखवायची. मी तिच्या मागे जाऊन टाळी वाजवायची, ताटलीवर चमचा मारायची, नाव घेऊन हाक मारायची. कधी वळायची, कधी नाही. वळली की स्वतःचीच लाज वाटायची, काय मेला संशय हा! नाही वळली की घास उतरत नसे. अकोल्याला कॉलेजात शिकलेली मी, पण हे कुणाला विचारावं ते कळत नव्हतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हसण्यावारी न्यायच्या.

"काहून व सूनबाई, दिवसभर त्या लेकराच्या मांगं मांगं फिरून राह्यली? हिचा बाप तीन वर्साचा झाला तवा बोलला. आता पाह्य, कोनी थांबवते त्याले?"

हिचा बाप म्हणजे देवमन, आमचे हे. जऊळक्याच्या प्राथमिक शाळेत मास्तर, आणि संध्याकाळी वस्तीतल्या गायन पार्टीत बेंजो वाजवणारे. बटणं दाबून वाजवायचा, मांडीसमोर आडवा ठेवायचा तो तारांचा बेंजो. त्याचा आवाज वाढवायला ह्यांच्याकडे एक लहानसा अँप्लिफायर होता. रेल्वेतला गोव्याकडचा एक गार्ड नोकरीतून सुटला तेव्हा अकोल्याहून जाताना तो ह्यांना देऊन गेला होता. त्या गार्डाने त्यावर आयुष्यभर गिटार वाजवली होती. आमच्या घरी त्याला सगळे डबाच म्हणायचे.

तपकिरी रेक्झिनचा, कोपरे झिजलेला, शाळेच्या पेटीएवढा डबा. पुढे जाडंभरडं कापड, त्याच्या आड खिचडीच्या ताटलीएवढा स्पीकर. मागून उघडाच, आत काचेचे, दिव्यांसारखे दोन व्हॉल्व्ह. खटका दाबला की लगेच काही होत नसे. चूल पेटावी तसे ते हळूहळू लाल होत, कापडातून धुळीचा गरम वास येई, आणि मग आवाज यायचा. मोठा नव्हे. पण जवळ बसून कुणी सांगावं तसा. जोराने तार छेडली की तो जरा घोगरा व्हायचा, रात्रभर गायलेल्या माणसाचा गळा होतो तसा. ह्यांना तो घोगरेपणाच आवडायचा.

पार्टीचे मुख्य गाणारे भिवाजी, ह्यांचे चुलतभाऊ, त्यांचा मात्र डब्यावर राग. एकदा पार्टी तालमीला आमच्याकडे जमली तेव्हा म्हणाले:

"जयभीम वहिनी. काय म्हनते तुमचा आजारी पाहुना? खोकलाच नाई जाऊन राह्यला त्याचा."

"तुह्या गळ्याच्या संगतीनं लागला त्याले खोकला," हे म्हणाले.

"हास. वाशिमच्या पार्टीनं मोठी मशीन आनली, चार भोंगे. आसेगावात वाजले तं चार शिवार आयकते."

"अन जवय बसलेला?"

"जवय बसलेला बहिरा होते!"

सगळे खो खो हसले. मी चहाच्या कपबशा उचलल्या आणि आत आले. पण त्याच संध्याकाळी ते झालं.

आमच्या बाहेरच्या खोलीत एक सागवानी तखत होतं, भिंतीपासून भिंतीपर्यंत. त्यावर डबा, त्याच्यापुढे बेंजो घेऊन हे, आणि दुसऱ्या टोकाला उत्पला, डब्याकडे पाठ करून, रिकाम्या आगपेट्या घेऊन बसलेली. ह्यांनी पहिली तार छेडली. आणि ती वळली. माझ्याकडे नाही, कुणाकडे नाही, थेट डब्याकडे. मग हसली. तळवा तखतावर टेकवला आणि डोलायला लागली.

"पाह्य, पाह्य! बापाचं वाजवनं वयखलं!" हे ओरडले.

मी दाराच्या चौकटीला धरून रडले. आत्याबाई म्हणाल्या, "आता रडते कायले?"

पुढे रोज तसंच. बेंजो सुरू झाला की ती वळे. घरामागून मालगाडी धडधडत गेली की झोपेतून उठे. म्हणजे ऐकू येतच होतं. फक्त एक गोष्ट मला सुटत नव्हती. एका लग्नात ती भोंग्याखाली झोपून गेली होती, बायका कानांवर पदर धरून बसल्या होत्या तिथे. मी माझी समजूत घालून घेतली. भोंग्याचा आवाज अंगावर येतो, मूल त्याला आत घेत नाही. हा डबा लहान, त्याचा आवाज लहान, म्हणून तो लहानाला पोचतो. मला ते इतकं पटलं की मी ते लोकांना सांगत सुटले.

त्यामुळे भिवाजींनी मोठ्या मशीनसाठी डबा विकायचं काढलं, गिऱ्हाईकही किन्हीराजा गावचं आणलं, तेव्हा मीच आडवी आले.

"भाऊजी, डबा नाही द्यायचा."

"काहून वहिनी? पार्टीचं भलं नोको का?"

"तिला ह्याचाच आवाज ऐकू येतो. हा गेला तर ती कशाकडे वळेल?"

भिवाजींनी पुढे ताणलं नाही. त्यांनाही दोन मुली होत्या. पण जाताना म्हणाले, "जयंतीवरी ठेवा. मंग पाहू."

भीमजयंती म्हटली की आमच्या वस्तीत स्टेज भाड्याने येत नसे. घराघरातली तखतं निघत, एकाला एक बांधून त्यांचंच स्टेज व्हायचं. कोणतं कुणाचं ते कळावं म्हणून पायांवर चुन्याच्या खुणा. आमच्याही तखतावर चुन्याचं फूल काढलं आणि चार जणांनी ते सकाळीच उचलून नेलं. शेवटची तालीम आमच्याच घरी व्हायची होती. ह्यांनी सारवलेल्या जमिनीवर पोतं अंथरलं, पोत्यावर डबा ठेवला, स्वतः खाली बसले.

उत्पला पाठमोरी आगपेट्या रचत होती.

ह्यांनी तार छेडली.

ती आगपेट्या रचत राहिली.

"रुसली," भिवाजी म्हणाले. "पल्ले, ओ पल्ले! बापाशी कट्टी का?"

हे मोठ्याने वाजवू लागले. डबा घोगरला, भांड्यांची फळी किणकिणली. ती एकावर एक आगपेटी ठेवत होती, जीभ बाहेर काढून, मन लावून. आत्याबाई म्हणाल्या, झोप आली असंल. सगळ्यांनी मान्य केलं. मी केलं नाही. माझी नजर जिथे तखत असायचं त्या रिकाम्या जागेवर गेली, आणि मला तिचा तळवा आठवला, लाकडावर टेकवलेला. मालगाडी आठवली; मालगाडीने आमच्या घराची जमीन हादरते. पण तीच गाडी लांबून शिट्टी देत येते, त्या शिट्टीने पोरगी एकदाही उठली नव्हती.

जयंती झाली. लोक गात होते, मी मुलीला मांडीवर घेऊन तिची मान वळते का ते पाहत होते.

तखत परत आलं. रविवारी दुपारी आत्याबाई शेजारी गेलेल्या. मी ह्यांना म्हटलं, "जरा वाजवता का? तिच्यासाठी."

हे खुश झाले. डबा गरम झाला, तार छेडली, आणि उत्पला वळली, हसली.

"पाह्य, गेला रुसवा!"

"थांबा." मी गोधडी आणली, चौपदरी केली, डबा उचलून त्याच्याखाली सरकवली. "आता वाजवा."

"हे काय नवीन?"

"वाजवा ना."

त्यांनी वाजवलं. ती वळली नाही. आणखी मोठ्याने वाजवलं. मी गोधडी ओढून काढली, डबा लाकडावर टेकला, आणि तार वाजत असतानाच ती वळली.

ह्यांचा हात बटणांवरच राहिला. ते शिकवणारे आहेत. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तरी गोधडी त्यांनी स्वतःच्या हाताने पुन्हा घातली, पुन्हा काढली. पुन्हा घातली. मग म्हणाले, "रुसलीच असंल," आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

"तिला हादरा कळतो," मी म्हटलं. "आवाज नाही."

"तुले कवापासून वाटून राह्यलं?"

"तखत गेलं त्या दिवसापासून."

ते उठले, उशीचा कापूस काढला, दोन्ही कानांत कोंबला, आणि तखतावर आडवे होऊन गाल लाकडाला लावला. मला खुणेने म्हणाले, वाजव. मला कुठे येतं? मी एक बटण दाबून तार छेडत राहिले, एकच सूर. उत्पलाला हा खेळ वाटला. तिनेही बापासमोर आडवं होऊन गाल टेकवला आणि त्यांच्या डोळ्यांत पाहत हसली. त्यांच्या नाकावरून पाणी लाकडावर पडत होतं.

उठले तेव्हा ह्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला होता, कापूस कानातच होता. "येते," म्हणाले. "गानं नाई येत. पन काहीतरी येते, लय दूरून."

मग त्यांनी पार्टीचा माईक काढला. डब्याला दोन भोकं होती, एक बेंजोचं. दुसऱ्यात त्यांनी माईक खोवला आणि माझ्या हातात दिला.

"नाव घे तिचं."

"काय उपयोग?"

"तू घे त."

आगपेट्यांकडे ती परत वळली होती. तिच्या पाठीमागे मी आजवर किती हाका मारल्या होत्या, अंगणातून, चुलीपासून, पाळण्यावर वाकून. हे नाव मीच ठेवलेलं, सासरी कुणाला नीट म्हणता येत नव्हतं तरी हट्टाने. माईक तोंडाशी धरला आणि ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान हलवली.

"उत्पला," मी म्हटलं.

कापडाआडून माझाच आवाज घोगरा होऊन आला. तखत माझ्या गुडघ्याखाली बारीकसं थरथरलं.

ती वळली. आयुष्यात पहिल्यांदा खरोखर माझ्या हाकेला वळली. रांगत आली, मला ओलांडून, माझ्या पदरावर गुडघा देऊन पुढे गेली, आणि डब्याच्या कापडावर दोन्ही तळवे ठेवून त्याच्याकडे पाहून हसली.

मी तिच्या मागे बसून पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. तिने डब्याला गाल लावला.