सुकाणूला फुटलेले केस

घिवलीच्या जानूला थाप मारायला कारण लागत नसे, ऐकायला दोन माणसं लागत. पन्नाशी उलटली तरी त्याच्या डोक्यावर असं रान होतं की आत शिरलेला कंगवा भरती बघूनच बाहेर पडावा. हे रान बापाकडून आलेलं. त्यात जानूचं कर्तृत्व शून्य.

ब्याऐंशी सालातली गोष्ट. बाजाराच्या दिवशी बोईसर स्टेशनाबाहेर दिनानाथ नावाचा एक माणूस जटाधारी तेल विकायला बसला होता. टकलावर तीन महिन्यांत जंगल, अशी हमी. पण चिटपाखरू फिरकेना. रिकामा फड जानूला बघवतो थोडाच? झाला पुढे.

“अरे, ह्या तेलाचं दोन थेंब माज्या होडीच्या सुकाणूवर सांडलं. आठव्या दिवशी चिंतू न्हाव्याला बोलवून सुकाणूची हजामत करायला लागली!”

कारखान्याची पाळी सुटलेले कामगार खिंकाळले. “चाचा, और सुनाओ!” चाचाने आणखी सुनावलं. हसता हसता बाटल्या खपल्या.

मागे येसूबाई उभी होती. जानूच्या थोरल्या भावाची बायको. मुदतीच्या तापात तिचे केस मुठीमुठीने गेले होते, त्यामुळे डोक्यावरचा पदर ती दाताखाली धरून चाले. ती हसली नाही. एक बाटली पदराआड घेऊन निघून गेली. जानूने ते पाहिलं, आणि पाहिलंच नाही असं स्वतःला सांगितलं.

दोन महिन्यांनी येसूबाईची लेक प्रेमला त्याच्याकडे रडत आली. “काका, बाटली संपली, केस काय नाय आलं. तो तेलवाला बोलतो, पुरा कोर्स घ्या. आये त्याला अंबाड्यातलं सोन्याचं फूल देनार हाय, येत्या अवसेच्या बाजाराला. बोलते, अंबाडाच नाय तर फूल खोवू कुठं?”

अवस पंधरा दिवसांवर होती. ते फूल आजेसासूपासून चालत आलेलं.

दुसऱ्याच दिवशी तो बोईसरला गेला आणि दिनानाथपुढच्या गर्दीत ओरडला, “मी खोटं बोललो! ह्ये तेल मी कदी लावलंच नाय!”

लोक पोट धरधरून हसले. जानूची नवी गोष्ट! “नजर लागंल म्हणून लपवतोय,” दिनानाथ म्हणाला आणि खुशीने एक बाटली त्याच्या हातात कोंबली. त्या दिवशी माल दुप्पट खपला. जन्मात पहिल्यांदा जानू खरं बोलला, तर त्याचीही थाप झाली.

येताना तो तसाच चिंतूकडे बसला. “सगळं उतरव.”

वस्तरा थबकला. “कोन गेलं रं?”

“माजी अब्रू. उतरव तू.”

दुसऱ्या दिवसापासून बोंबील वाळत घालणाऱ्या बायांसमोर उन्हात बसून तो डोक्याच्या डाव्या अर्ध्यावर जटाधारी चोळी, उजव्या अर्ध्यावर घरचं खोबरेल. “आज कुठली बाजू जिंकली, जानूदादा?” बाया खिजवत. तो मान खाली घालून डोकं पुढे करी. अवसेपर्यंत दोन्हीकडे खुंट आले, अगदी सारखे. सांगून पटणार नव्हतं. आता डोकंच साक्षीला होतं.

अवसेच्या सकाळी तो येसूबाईच्या दारात जाऊन बसला. फूल रुमालात बांधून ती निघालीच होती.

“वयनी, हात लावून बघ. कुठल्या बाजूला तेल, सांग.”

तिने डावीकडे हात फिरवला, उजवीकडे फिरवला.

“तुमची मुळं शाबूत हायत, भावजी. माजं काय?”

“डॉक्टर काय बोलला व्हता?”

“बोलला, तापाचं केस जातात नि परत येतात. सा म्हयने थांबा.” तिने रुमालाची गाठ आवळली. “पन थांबा बोलनाऱ्याचं कोन ऐकतो? तुमी तर आठ दिसांत सुकाणूला केस आनलं. ती थाप मला कळत नव्हती काय? मी त्या थापेवर नाय भुलली. तुमच्या डोक्यावर भुलली. वाटलं, घरचा मानूस हाय, मला बघून तरी खरं बोलंल.”

तिने रुमाल सोडला, फूल पेटीत ठेवलं, आणि त्याला चहा न विचारता आत गेली.

प्रेमलाचं लग्न दुसऱ्या वर्षी वैशाखात झालं. येसूबाईच्या डोक्यावर मुठीएवढा अंबाडा होता, आणि त्यात फूल. डोक्यावर अर्धा पदर, त्याखालून फूलच मोठं दिसत होतं. पालघरची एक पाहुणी विचारू लागली, “काय लावलंत हो?”

येसूबाईने मांडवाच्या खांबामागे उभ्या जानूकडे बोट केलं. “भावजींना इचारा.”

चार डोकी वळली. सगळे हसायच्या तयारीत. जानूच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

“कायच नाय लावलं,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “वाट बघितली.”

कोणी हसलं नाही. येसूबाईने पदर डोक्यावरून खाली सोडला, आणि वाढणाऱ्याला हाक मारली, “भावजींचं पान मांडा रे.”